मुंबईहून बोटीने जवळची बेटं आणि किनारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेटवे ऑफ इंडिया, भाऊचा धक्का, वर्सोवा, मार्वे आणि गोराई. मुंबईकराला पाण्यावर नेणारे हे धक्के. पलीकडे घारापुरी, मांडवा, रेवस आहे. त्यापुढे अलिबागचा कुलाबा किल्ला, थळसमोरची खांदेरी आणि मुरूडचा जंजिरा. या ठिकाणांबद्दल सहलीला निघणारे लोक जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. भाड्याचे आकडे दिलेले नाहीत; ते सारखे बदलतात आणि जुना आकडा वाचून खिडकीवर वाद होतात.

आधी काय ठरवायचं: ठिकाण, तारीख की तिकीट?

आधी पाणी बघा. ठिकाण ठरलं की त्या दिवशीची भरती-ओहोटी किती वाजता आहे ते पाहायचं, मग वारा आणि हवामान, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. बहुतेक सहली बिघडतात त्या हा क्रम उलटा झाल्यामुळे. रविवारची सुट्टी धरून तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं, आणि अलिबागला पोहोचल्यावर कळलं की किल्ल्याकडे चालत जायची वेळ सकाळी सहालाच येऊन गेली. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे पाच मीटरपर्यंत फरक पडतो. दीड मजला उंचीचं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. त्याच्यापुढे आपल्या वेळापत्रकाचं काही चालत नाही.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची?

मोबाइलवर मुंबईचं टाइड टेबल सहज मिळतं, आणि अचूक वेळेसाठी तेच पाहावं. पण घरात दिनदर्शिका असेल तर अंदाज तोंडीही निघतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे नऊच्या आसपास. या हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, पण सहल सकाळची ठेवावी की संध्याकाळची, एवढं ठरवायला तो पुरतो. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी खूप चढतं आणि ओहोटीला तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि पुरतं ओसरतही नाही. म्हणून अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता, अगदी सोयीच्या वेळी आली, तरी कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं. चालत जायचं असेल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. पाणी नीट ओसरतं आणि ओहोटी सकाळच्या वेळात सापडते.

कोणते महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस नसतो, उकाडा कमी असतो, पाणीही बहुधा शांत. ऑक्टोबरमध्ये समुद्र बरा असतो पण ऊन चटके देतं. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात बोटी एकेक करून बंद व्हायला लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांनी परतीची बोट चालू आहे की नाही, हे जातानाच विचारून घ्यावं.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा मात्र मी कोणालाच सुचवत नाही. गेटवेवर रांग, मांडव्याला रांग, परत येताना त्याहून मोठी रांग. तीच सहल जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी करा.

पावसाळ्यात काहीच चालू नसतं का?

गेटवे ते मांडवा ही लाँच आणि कॅटमरानची सेवा जूनच्या आधी बंद होते आणि साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते. जंजिऱ्याच्या होड्याही या काळात बंद. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते, अर्थात हवामान फारच बिघडलं तर तीही थांबते. घारापुरीच्या बोटी बंदराच्या आतल्या पाण्यात असतात. त्या दिवसाचा रंग बघून सुटतात किंवा सुटत नाहीत.

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, लागला असं ऐकलंत की त्या दिवशीचा बेत रद्द करा. मच्छीमारांच्या बोटीसुद्धा अशा वेळी बाहेर पडत नाहीत. एखादा जण जास्त पैसे घेऊन न्यायला तयार झाला, तर त्याच्या बोटीत तर मुळीच बसू नका.

दिवसातली कोणती वेळ बरी?

सकाळ. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. सकाळी जमिनीकडून येणारा वारा मंद असतो, पाणी सपाट असतं. जमीन तापली की दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि लाटा उठतात. त्याच बोटीत, त्याच मार्गावर, सकाळी नऊला चहाचा कप हातात धरून बसता येतं आणि दुपारी चारला कठडा धरावा लागतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर जाण्यापेक्षा परतीच्या वेळेचा जास्त विचार करा, कारण वारा परतीलाच भेटतो.

घारापुरीला किती वेळ लागतो? कधी जाऊ नये?

गेटवेपासून बोटीने सुमारे एक तास. पहिली बोट सकाळी नऊच्या सुमारास सुटते आणि परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. लेणी सोमवारी बंद असतात. बोटीचं तिकीट परतीसकट मिळतं, ते नीट जपून ठेवा. लेण्यांचं तिकीट वेगळं, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. वरच्या डेकवर बसायचं असेल तर बोटीत थोडे पैसे वेगळे घेतात. हवेशीर जागा असते, द्यायला हरकत नाही.

पहिल्याच बोटीने जा, असा माझा आग्रह आहे. मुख्य लेण्यात महेशमूर्तीसमोर सकाळी गर्दी नसते. साडेपाच मीटरहून उंच असलेली ती त्रिमुखी मूर्ती अंधारातून हळूहळू डोळ्यांत भरते. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेले. डावीकडचा उग्र अघोर, मिशी आणि हातातल्या नागासकट. उजवीकडचा कोमल, हातात कमळ. बाजूच्या प्रकाशात दगडातले दागिने सुटे सुटे दिसायला लागेपर्यंत तिथे थांबा. मग अर्धनारीश्वर, गंगाधर आणि नटराज पाहा. पोर्तुगीजांच्या काळात या शिल्पांची खूप मोडतोड झाली, आणि तरीही जे उरलं आहे ते पाहताना माणूस गप्प होतो. १९८७ मध्ये युनेस्कोने ही लेणी जागतिक वारसा यादीत घेतली.

पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं ते ज्या दगडी हत्तीमुळे, तो आता बेटावर नाही. तो भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुलांना दोन्ही दाखवा, त्यांना गंमत वाटते.

आई-वडिलांना घारापुरीला नेता येईल का? त्यांना चढ झेपत नाही.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्रीची सावली, त्यामुळे थांबत थांबत चढता येतं. डोलीही मिळते, भाव आधी ठरवून घ्या. खरी अडचण असते ती बोटीत चढताना-उतरताना. गेटवेला पायऱ्या ओल्या असतात, बोट हलत असते, आणि कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो. गुडघे दुखत असतील तर आधी खलाशाला सांगा, तो हात देतो. बोट वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. सपाट चपला नकोत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला.

माकडांपासून खाण्याच्या पिशव्या सांभाळा. पाण्याची बाटली हातात दिसली तरी ती ओढून नेतात.

घारापुरीवर रात्री राहता येतं का?

पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही बेटावरची तीन गावं. शहराच्या दिव्यांसमोर राहून या लोकांनी कित्येक वर्षं जनरेटरवर काढली; समुद्राखालून केबल टाकून २०१८ मध्ये तिथे कायमची वीज आली. दुपारचं जेवण गावातल्या खानावळीत घ्या. चार पैसे तिथे राहिले पाहिजेत.

गेटवे आणि घारापुरीच्या मध्ये बेटं दिसतात, तिथे उतरता येतं का?

नाही. वाटेत टाक्या आणि जहाजं दिसतात ते जवाहर द्वीप, तिथे तेलवाहू जहाजं रिकामी होतात. बाकी लहान बेटांवरही सर्वसामान्यांना प्रवेश नाही. या भागात नौदलाचा तळ आहे, त्यामुळे ड्रोन तर पिशवीतही नेऊ नका.

मांडव्याला गेटवेहून जावं की भाऊच्या धक्क्यावरून?

गाडी नसेल तर गेटवे. पीएनपी, मालदार आणि अजंठा यांच्या बोटी दिवसभर असतात; कॅटमरान साधारण पाऊण तास घेते, लाँच तासभर. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, हे अनेकांना माहीत नसतं आणि ते बाहेर येऊन रिक्षा ठरवतात. बोट लागली की घाई न करता बसकडे जा.

गाडी किंवा दुचाकी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तासाभरात तुम्ही गाडीसकट मांडव्याला. शनिवार-रविवारच्या गाड्यांच्या जागा लवकर भरतात, आधी आरक्षण करा. धक्क्यावर पहाटेपासून मासळीचा बाजार असतो, ट्रकची ये-जा असते, तेव्हा सुटायच्या वेळेच्या बरंच आधी पोहोचा.

गाडी नेणं खरंच गरजेचं आहे का?

नागाव, आक्षी, किहीम, वरसोली एवढंच करायचं असेल तर नाही. अलिबागहून रिक्षा आणि विक्रम (मोठ्या रिक्षा) मिळतात, सायकलीही भाड्याने मिळतात. काशीद, मुरूडपर्यंत जाणार असाल आणि घरात लहान मूल असेल तर गाडी कामाची. पण ती किनाऱ्यावर उतरवू नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक फिरलं की खाली रुतते, आणि भरती चढायला लागली की क्रेन यायलाही वेळ उरत नाही. दर हंगामात अशा बुडालेल्या गाड्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. तसंही वाळूत कासवं अंडी घालतात, खेकड्यांची बिळं असतात. गाडी रस्त्यावरच बरी.

रेवस आणि मोऱ्याची लाँच अजून आहे का?

आहे, दोन्ही भाऊच्या धक्क्यावरून सुटतात. साधी लाँच, स्वस्त भाडं, बरोबर भाजीच्या टोपल्या आणि कामाला जाणारी माणसं. रेवस अलिबागकडे, मोरा उरणकडे. गाळामुळे मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागू शकत नाही, त्यामुळे त्या काही तासांत फेऱ्या थांबतात. पुन्हा तेच: आधी पाणी बघा.

कुलाबा किल्ल्यावर चालत जाता येतं म्हणतात. धोका आहे का?

वेळ पाळली तर नाही. न पाळली तर आहे. अलिबागच्या किनाऱ्यावरून किल्ला इतका जवळ दिसतो की लोकांना घाई वाटत नाही. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटी होऊन तास व्हायच्या आत परतीची वाट धरा. पाणी परत येतं तेव्हा समोरून लाट होऊन येत नाही. आधी वाळूतले खळगे भरतात, मग ते एकमेकांना मिळतात, आणि घोट्याएवढं वाटणारं पाणी मधल्या पट्ट्यात मांडीला लागतं. त्या वेळी पुढे जाऊ नका. किल्ल्यात परत या आणि होडीची वाट पाहा. भरतीला होड्या चालतात, ओहोटीला घोडागाड्याही. सुटतानाच घोडागाडीवाल्याला विचारा की शेवटची फेरी किती वाजता. त्याला पाण्याचा अंदाज आपल्यापेक्षा चांगला असतो.

किल्ला शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चारही बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. किल्ल्याच्या उत्तरेला जोडून सर्जेकोट हा छोटा किल्ला. तटाचे मोठाले दगड चुना न वापरता एकावर एक रचले आहेत; फटींतून लाटेचं पाणी आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच विरतो. तटाला हात लावून ती रचना नक्की बघा.

खांदेरीला जायचं आहे. बोट कुठून?

अलिबागजवळच्या थळ गावातून मच्छीमारांची बोट ठरवावी लागते. ठरलेल्या वेळेची रोजची फेरी आहे असं समजून जाऊ नका. आदल्या दिवशी गावात विचारा, बोटीवाल्याने सांगितलेली वेळ पाळा आणि एकूण किती वेळ थांबणार ते आधीच बोलून घ्या. गट असेल तर परवडतं.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी सुरू केली, मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत. इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघांनीही विरोध केला, समुद्रात लढाया झाल्या, पण मराठी आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या माणसांनी बेट सोडलं नाही. सिद्दीने मग शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. खांदेरीवर ब्रिटिशांच्या काळातलं दीपगृह आहे, वेताळाचं ठाणं आहे, त्यावर कोळी बांधवांची श्रद्धा आहे, आणि दगडाने ठोकला की धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात खांदेरी आहे. आता तरी तिथे प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकणं थांबावं.

उंदेरीवर नीट धक्का नाही. खडकांवर उतरावं लागतं, तेही पाणी जुळलं तर. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, नको म्हणाला तर लांबून बघा.

जंजिरा मुंबईहून एका दिवसात होतो का?

होतो, पण करू नये. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड हा रस्ता सुंदर आहे आणि धावतपळत गेलात तर तो पाहायचाच राहतो. मुरूडला एक रात्र राहा. सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यावर जा. शीड उभारताना, दोर ओढताना खलाश्यांकडे लक्ष द्या. इंजिनाचा आवाज नसलेला हा प्रवास आता फार कमी ठिकाणी उरला आहे. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि हीच त्या बांधणीची करामत. आत थांबायला होडीवाले साधारण पाऊण तास देतात. तेवढ्यात कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा तलाव आणि पश्चिमेचा दरवाजा होतो. तटावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कासा बेटावर बांधलेला.

अर्धाच दिवस आहे. शहरातच काही?

वर्सोव्याहून मढ, मार्व्याहून मनोरी, बोरिवलीच्या गोराई खाडीतून गोराई. या फेरीबोटी काही मिनिटांच्या आहेत आणि काहींत दुचाकीही चढते. गोराईला विपश्यना पॅगोडा पाहा. मनोरी आणि गोराईच्या गावांतली ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती) लोकांची जुनी घरं, क्रूस आणि भातखाचरं पाहायला पायी फिरा. फोटो काढायच्या आधी घरच्यांना विचारा.

पोहता येईल का?

मढजवळच्या अक्सा किनाऱ्यावर आणि गोराईला नाही, हे स्पष्ट सांगते. तिथल्या पाण्यात आत ओढणारे प्रवाह आहेत आणि दरवर्षी तरुण मुलं जीव गमावतात. बाकी किनाऱ्यांवरही ओहोटी सुरू असताना पाण्यात उतरू नका, आणि जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की बाहेर या. प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, प्रवाहाचा पट्टा संपला की मग आत वळा. पावसाळ्यात जेलीफिश किनाऱ्याला येतात, अनवाणी चालू नका.

लाइफ जॅकेट घालायलाच हवं का? उकडतं.

घालायलाच हवं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि अनेकांचे जीव गेले. जॅकेट बाकाखाली असून उपयोग नाही, अंगावर आणि पट्टे आवळून हवं. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते वरून निघून जातं. मुलांच्या मापाचं मागा. ते नसेल, किंवा बोट भरून वाहत असेल, तर पुढची बोट घ्या.

बोट लागते, काय करू?

उपाशी निघू नका, तेलकटही खाऊ नका. उलटी थांबवणारी गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी, डॉक्टरांना विचारून. बसायला मधली, खालची जागा घ्या, टोकाला नको. मोबाइल बंद आणि नजर लांब क्षितिजावर. आल्याची वडी किंवा आवळासुपारी तोंडात ठेवली तर बऱ्याच जणांना आराम पडतो. डिझेलचा वास येतो तिथून उठा.

बोटीमागे येणाऱ्या पक्ष्यांना गाठी-शेव टाकली तर चालते का?

नको. ते कुरव आहेत, थंडीत दूर उत्तरेकडून इथे येतात. त्यांचं खाणं मासे. तळलेलं, खारट खाऊन ते आजारी पडतात आणि बोटीवर झेपावायला शिकतात. बोटीवर पाकिटं विकायला येतात, मुलं हट्ट करतात, तरी घेऊ नका. दुर्बीण द्या मुलांच्या हातात.

समुद्रात किंवा किनाऱ्यावर अडचण आली तर कोणाला फोन करायचा?

समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दल १५५४, सागरी पोलिसांसाठी १०९३, आणि कुठल्याही संकटात ११२. हे तीन क्रमांक निघण्याआधीच मोबाइलमध्ये टाका. घरी कोणाला तरी कुठल्या धक्क्यावरून, किती वाजता निघालात आणि कधी परतणार ते कळवून ठेवा, आणि उशीर झाला तर तेही कळवा.